मोनेच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि फ्रान्सचा डॉक्टर पंतप्रधान - कुणी वाचलंय का याच्यावर?

भटकी_वही

मंडळी, आधी यावर धागा झाला असेल तर सांगा, मी शोधलं पण मला सापडला नाही.

गेल्या महिन्यात पॅरिसला जाऊन आले. शेवटच्या दिवशी पायांचे तुकडे पडले होते आणि नवरा म्हणाला आता एकही म्युझियम नको, तरी मी त्याला ओढून ओरांजरीत नेलंच, कारण मोने या फ्रेंच चित्रकाराची ती कमळांची चित्रं बघितल्याशिवाय परत यायचं नव्हतं. दोन लंबगोल दालनं आहेत, भिंतीला भिंत लागून नुसतं पाणी आणि कमळं, मधे बाकडं. आम्ही बसलो ते बसलोच. कानाला तो ऑडिओ गाईड लावलेला आणि त्यात अधूनमधून एकच नाव येत होतं, क्लेमांसो. ही चित्रं देशाला मिळावीत म्हणून त्याने मोनेच्या मागे कसा तगादा लावला, मोनेला मोतीबिंदू झाला तेव्हा ऑपरेशन करून घे म्हणून कसा मागे लागला, कारण तो स्वतः डॉक्टर होता, वगैरे.

मी एकदम ताठ बसले. क्लेमांसो म्हणजे तो शाळेतला, पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्सायच्या तहाचा क्लेमांसो? विल्सन, लॉइड जॉर्ज आणि हा, तीन नावं पाठ केलेली, जोड्या लावा मध्ये हमखास यायची. तो डॉक्टर होता हे आमच्या बाईंनी कधी सांगितलं नाही, पुस्तकातही नव्हतं.

तर प्रश्न असे की हा खरंच पेशंट तपासणारा डॉक्टर होता की नुसती डिग्री घेऊन भिंतीवर लावलेली? डॉक्टरकी सोडून थेट पंतप्रधान कसा काय झाला? आणि मला मुख्य हे विचारायचंय की डॉक्टर माणूस राजकारणात गेला तर जरा मऊ असायला हवा ना, पण वर्सायला हाच सगळ्यात कडक होता म्हणतात. मग डॉक्टरकीचं काही उरलं होतं का त्याच्यात?

---

इतिहासाचा_किडा

वा, मस्त विषय. चहा घेऊन बसलोय, लांबण लागणार आहे, आधीच माफी.

क्लेमांसो जन्मला २८ सप्टेंबर १८४१ ला, पश्चिम फ्रान्समधल्या व्हाँदे भागात. हा भाग म्हणजे राजा आणि चर्च यांना मानणाऱ्यांचा बालेकिल्ला, आणि त्यात याचं घर कट्टर प्रजासत्ताकवादी आणि वर नास्तिक, म्हणजे विचार करा शेजाऱ्यांशी काय जमत असेल. बाप बेंजामिन, तोही डॉक्टर, पण घरची जमीन असल्यामुळे प्रॅक्टिस नावालाच, खरा जीव राजकारणात. १८५८ मध्ये तिसऱ्या नेपोलियनवर बॉम्ब टाकला गेला, त्यानंतर जी धरपकड झाली त्यात या बापाला उचललं, अल्जीरियाला पाठवायचं ठरलं होतं, मग लोकांच्या ओरड्यामुळे सोडलं. पोरगा तेव्हा सोळा वर्षांचा. बापाला नेताना तो म्हणाला मी सूड घेईन, तर बाप म्हणाला सूड घ्यायचाय तर काम कर. असं सांगतात. मला विचाराल तर याच्या पुढच्या सत्तर वर्षांची चावी इथेच आहे, डॉक्टर झाला तो बापाचा कित्ता म्हणून आणि राजकारणात गेला तोही बापाचाच कित्ता.

मेडिकल आधी नाँतला, मग १८६१ पासून पॅरिसला. पॅरिसला आल्या आल्या अभ्यास राहिला बाजूला, मित्रांबरोबर साप्ताहिक काढलं, १८६२ च्या फेब्रुवारीत कामगारांना मोर्चाला या म्हणून आवाहन करणारी पत्रकं चिकटवली आणि थेट तुरुंगात, दोन महिन्यांच्या वर आत होता. एवढं करून १८६५ मध्ये प्रबंध देऊन डॉक्टर झाला. आणि प्रबंधाची गंमत अशी की त्यात त्याने निर्जीवातून आपोआप जीव तयार होतो या मताची बाजू घेतली, म्हणजे पाश्चर त्याच सुमारास जे खोडून काढत होता तेच! बिचारा चुकीच्या घोड्यावर बसला. कारण तसं सरळ होतं, सगळं देवाने निर्माण केलं या म्हणण्याला शह द्यायला तेव्हाच्या नास्तिक मंडळींना ही थिअरी सोयीची वाटायची. राजकारण विज्ञानात घुसलं की काय होतं त्याचा नमुना.

मग गडी गेला अमेरिकेत. नुकतंच तिथलं यादवी युद्ध संपलेलं. पॅरिसच्या पेपरला बातमीपत्रं पाठवायची आणि पोटासाठी कनेक्टिकटमधल्या एका मुलींच्या शाळेत फ्रेंच आणि घोडेस्वारी शिकवायची. डॉक्टरकी नाहीच. तिथल्याच एका विद्यार्थिनीशी, मेरी प्लमरशी, १८६९ मध्ये लग्न केलं आणि फ्रान्सला परतला.

आता तुमचा मुख्य प्रश्न, पेशंट बघायचा का, तर हो. पॅरिसमध्ये मोंमार्त्रला त्याने दवाखाना टाकला. तुम्ही गेला असाल तर आता तिथे टेकडीवर नुसते टुरिस्ट आणि चित्रं काढून देणारे, पण तेव्हा ती गरीब कामगारांची वस्ती होती, गिरण्या-कारखान्यात राबणारे, धुणंभांडी करणाऱ्या बायका, क्षय घरोघरी. तो फुकट तपासायचा. १८७० मध्ये साम्राज्य कोसळलं तेव्हा त्याच भागाचा महापौर झाला, १८७६ मध्ये तिथूनच खासदार, आणि खासदार झाल्यावरही दवाखाना कित्येक वर्षं चालू होता. म्हणजे दवाखाना हाच मतदारसंघ आणि मतदारसंघ हाच दवाखाना.

त्याच दवाखान्याचा एक किस्सा फार सांगितला जातो. बाहेर ही गर्दी, याला संसदेत जायची घाई, म्हणून एकेकाला आत बोलावून हा मान वर न करता म्हणायचा, कपडे काढा. पहिल्याने काढले, तपासला, चिठ्ठी दिली. दुसरा आला, कपडे काढा, काढले. तिसरा आला, कपडे काढा, त्यानेही मुकाट्याने सगळे उतरवले आणि थंडीत कुडकुडत उभा राहिला. काय होतंय? तर म्हणाला, साहेब काही होत नाहीये, पोस्टात चिकटायचंय, तुमची शिफारस पाहिजे होती.

पुढचं नंतर टाकतो, ऑफिसचा फोन येतोय.

---

खडूस_काका

किडा भाऊंनी छान लिहिलंय पण नेहमीप्रमाणे हिरोची आरती चाललीये, तर जरा दुसरी बाजू पण येऊ द्या.

भटकीताई, तुम्ही विचारलंत मऊ होता का. हा मनुष्य १९०६ मध्ये गृहमंत्री आणि लगेच त्याच वर्षी पंतप्रधान झाला. त्याच १९०६ च्या मार्चमध्ये कूरियेरच्या कोळसा खाणीत स्फोट झाला, १०९९ माणसं गेली, हजार आणि नव्व्याण्णव, त्यात शाळकरी वयाची पोरंसुद्धा. उरलेल्या खाण कामगारांनी संप केला. हे एकेकाळचे गरिबांचे डॉक्टरसाहेब तिथे गेले, संपवाल्यांशी बोलले पण, आणि मग फौज पाठवली. १९०७ मध्ये दक्षिणेत द्राक्षवाले शेतकरी रस्त्यावर आले, भाव पडले म्हणून, तिथेही फौज, नार्बोनला गोळीबार, माणसं मेली. १९०८ मध्ये पॅरिसजवळ बांधकाम मजुरांच्या संपात परत तेच. स्वतःला फ्रान्सचा पहिला पोलीस म्हणवून घ्यायचा, अभिमानाने! ज्या डाव्यांमधून वर आला त्यांनी पुढे त्याला कधी माफ केलं नाही.

आणि बायकोचं काय झालं ते भाऊंनी सोयीस्करपणे लग्नावरच सोडलं. साहेबांची स्वतःची बाहेर किती प्रकरणं होती त्याला गणती नाही, नट्या काय नि काय. पण मेरीचं एका तरुण मास्तराशी जुळलंय म्हटल्यावर व्यभिचाराच्या कायद्याखाली तिला दोन आठवडे तुरुंगात घातलं, घटस्फोट घेतला आणि अमेरिकेला रवाना केलं. तीन मुलांची आई. कायदा तेव्हा तसाच होता हे मान्य, पण वापरायला याला कुणी सांगितलं होतं? वर बायकांना मताचा अधिकार द्यायच्या विरोधात, म्हणे बायका पाद्र्यांच्या सांगण्यावरून मतं देतील.

---

डॉ_डोळस

मी नेत्रतज्ज्ञ आहे (आयडीवरून कळलं असेलच :) ) त्यामुळे मोनेचा विषय निघाला की मला राहवत नाही. पण आधी भटकी_वही यांच्या एका वाक्याला हरकत घेतो. डॉक्टर मऊ असतो हे कुणी सांगितलं तुम्हाला? रेसिडेन्सी केलेल्या कुणालाही विचारा. रात्री तीनला कॅज्युअल्टीत उभं राहून कुणाला आधी घ्यायचं आणि कुणाला थांबवायचं हे ठरवणारा माणूस मऊ राहून चालत नाही, आणि पाय वाचणार नाही हे दिसलं की कापा म्हणून सांगावं लागतं. क्लेमांसोच्या काळात तर भूलही नुकतीच आलेली.

त्याच्यातला डॉक्टर मला दिसतो तो १९१४ मध्ये. खडूस काका, हे बघा. महायुद्ध सुरू झालं तेव्हा हा सत्तेत नव्हता, सत्तरी ओलांडलेला सिनेटर आणि स्वतःचा पेपर चालवत होता, नाव 'मुक्त माणूस'. सप्टेंबरमध्ये त्याने छापलं की आघाडीवरून जखमी सैनिकांना घोडे वाहून नेलेल्या मालगाडीच्या डब्यांतून परत आणतायत, डबे न धुता, खाली तोच लिदीने भरलेला पेंढा, त्यावरच उघड्या जखमांची माणसं झोपवलेली, आणि त्यांना धनुर्वात होतोय. आता हे वाचून कुठल्याही डॉक्टरच्या अंगावर काटा येईल कारण धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत असतातच, म्हणजे तुम्ही जखमी माणसाला जंतूंच्या गादीवर टाकून दोन दिवस प्रवास घडवताय. सामान्य पत्रकाराने लिहिलं असतं हाल चाललेत, अन्न नाही, पाणी नाही. याने रोगाचं नाव घेतलं आणि कारण दाखवलं. सरकारने काय केलं? पेपर आठवडाभर बंद पाडला. पठ्ठ्याने तोच पेपर नाव बदलून काढला, 'साखळदंडातला माणूस'. सेन्सॉरवाले रोज मजकूर कापायचे, हा रोज लिहायचा.

आणि गंमत म्हणजे तरुणपणी ज्याने प्रबंधात पाश्चरच्या विरुद्ध बाजू घेतली तोच म्हातारपणी जंतूंसाठी सरकारशी भांडतोय.

मोनेचं आता. त्याला मोतीबिंदू असल्याचं निदान १९१२ मधलं. तो ऑपरेशनला टाळाटाळ करत राहिला, घाबरायचा, आणि घाबरण्यात काही चूक नव्हती हो. आज आपण मोतीबिंदू म्हणजे सकाळी जाऊन दुपारी घरी. तेव्हा टाका घालायची पद्धत नव्हती, बुबुळाच्या कडेला मोठा छेद घेऊन भिंग काढायचं आणि मग जखम आपोआप मिटेपर्यंत पेशंटला दिवसच्या दिवस उताणं झोपवून ठेवायचं, डोकं हलू नये म्हणून दोन बाजूला वाळूच्या पिशव्या, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. खोकला आला, शिंक आली तरी धोका. ऐंशी वर्षांचा तापट चित्रकार असा पडून राहील? क्लेमांसोने त्याला वर्षानुवर्षं पटवलं, शेवटी १९२३ च्या जानेवारीत डॉ. कुतेला यांच्याकडे उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पेशंट म्हणून मोने महाभयंकर, पट्ट्या ओरबाडून काढायला बघायचा, नंतर रंग निळेच दिसतात म्हणून बोंब, चष्मा जाड आहे म्हणून बोंब. ते निळं दिसणं खरं होतं बरं का. पिवळट पडलेलं भिंग निघालं की आतापर्यंत अडलेला निळा प्रकाश एकदम आत शिरतो. माझे पेशंट आजही पट्टी काढल्यावर म्हणतात, डॉक्टर, भिंती इतक्या पांढऱ्या कधी झाल्या? त्यांना कृत्रिम भिंग तरी असतं, मोनेला तेही नव्हतं.

---

भटकी_वही

बापरे, हे सगळं तिथे बाकड्यावर बसून माहीत असतं तर! मी तर निळ्या रंगाचे फोटो काढून स्टेटसला टाकले आणि मोकळी झाले.

खडूस काका, बायकोचं वाचून खरंच डोकं फिरलं. आता मला तो तितकासा आवडत नाहीये. पण मग वाघ का म्हणायचे त्याला? गाईडमध्ये 'टायगर' असा उल्लेख होता दोनदा. आणि मुळात इतक्या लोकांशी भांडण असलेला माणूस ७६ व्या वर्षी परत पंतप्रधान कसा होतो?

---

इतिहासाचा_किडा

आलो परत. काका, मेरीबद्दल लिहिणारच होतो, फोन आला मधेच, आरती वगैरे काही नाही.

वाघ म्हणायचे कारण तो सरकारं फाडायचा. १८७६ ते १८९३ या काळात संसदेत त्याचं मुख्य काम म्हणजे मंत्रिमंडळं पाडणं. स्वतः मंत्री व्हायचं नाही, पण भाषणाला उभा राहिला की समोरच्याचं खुर्चीवरून उतरणं ठरलेलं. वर पिस्तुलाची, तलवारीची द्वंद्वयुद्धंही खेळायचा. एकदा द्वंद्वाला निघताना स्टेशनवर त्याने फक्त जायचं तिकीट काढलं, मित्र म्हणाला काय रे, परत यायची खात्री नाही का, तर म्हणाला परतीला मी नेहमी समोरच्याचं तिकीट वापरतो. प्रत्यक्षात १८९२ मध्ये देरुलेदबरोबर द्वंद्व झालं तेव्हा दोघांनी तीन-तीन गोळ्या झाडल्या आणि सहाही हवेत गेल्या, पण ते असो.

ते द्वंद्व झालं पनामा कालव्याच्या घोटाळ्यावरून. कालवा कंपनी बुडाली, हजारो लहान ठेवीदार धुळीला मिळाले आणि लाच कुणाकुणाला मिळाली त्या चौकशीत याच्या पेपरला पैसे देणाऱ्या एर्झ नावाच्या दलालाचं नाव आलं. याच्यावर काही सिद्ध झालं नाही पण १८९३ मध्ये पडला निवडणुकीत. वय ५२, कर्जबाजारी, घटस्फोटित, लोक रस्त्यात टोमणे मारायचे. सगळ्यांनी हिशोब मिटवून टाकला होता. दवाखान्यात परत जाता आलं असतं ना? नाही गेला. तेव्हा तो लिहायला लागला. रोज एक लेख. आणि १३ जानेवारी १८९८ ला 'लोरोर' पेपरच्या पहिल्या पानावर झोलाचं ते प्रसिद्ध पत्र आलं, 'मी आरोप करतो', ड्रेफस प्रकरणाचं (ड्रेफस या निरपराध ज्यू लष्करी अधिकाऱ्याला देशद्रोही ठरवलं होतं ते), तेव्हा हाच तिथे मुख्य लेखक होता आणि त्या मथळ्यामागे याचं डोकं होतं. सुरुवातीला हा पण ड्रेफस दोषीच आहे असं धरून चालला होता, पुरावे बघितल्यावर फिरला, आणि मग एकट्या या प्रकरणावर एवढे लेख लिहिले की त्यांचे सात खंड झाले.

१९१७ चं म्हणाल तर देशाचा नाइलाज. लाखो पोरं मेलेली, त्या वसंतात सैन्यात बंड झालेलं, रशिया युद्धातून गळण्याच्या बेतात. राष्ट्राध्यक्ष प्वँकारे आणि हा, दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण प्वँकारेने दात-ओठ खाऊन यालाच बोलावलं. संसदेत त्याचं धोरण काय विचारलं तर आत युद्ध करतो, बाहेर युद्ध करतो, एवढंच. आणि हा म्हातारा हातात काठी, डोक्यावर वाकडीतिकडी टोपी घालून खंदकांमधे फिरायचा. एका भेटीत सैनिकांनी रानफुलांचा गुच्छ दिला, धुळकट, साधी फुलं. ती त्याने वाळवून जपली, आणि पुढे मेला तेव्हा शवपेटीत बरोबर ठेवायला सांगितली.

---

खडूस_काका

खंदक, फुलं सगळं ठीक, पण १९१८ मध्ये कायो या माजी पंतप्रधानाला शांततेची बोलणी करू बघतो म्हणून आत टाकलं याने, ते पण लिहा. आणि १९१९ ला पॅरिसमध्ये एका व्हिएतनामी तरुणाने आपल्या देशाला हक्क द्या म्हणून अर्ज आणला होता, कुणी दखल घेतली नाही. त्या तरुणाला पुढे जगाने हो ची मिन्ह म्हणून ओळखलं. एवढं जग बदलायला बसले होते ना तिघं?

---

इतिहासाचा_किडा

हे बरोबर आहे काका, आणि जास्त टोचतं कारण याच माणसाने १८८५ मध्ये, तेव्हा विरोधात होता, वसाहतवादावर असं भाषण केलं होतं की आजही वाचावं. ज्यूल फेरी हा माजी पंतप्रधान म्हणाला की श्रेष्ठ वंशांना कनिष्ठ वंशांवर हक्क असतो. त्यावर हा उठला आणि म्हणाला, श्रेष्ठ-कनिष्ठ असं काही ऐकलं की मी जरा सावध होतो, कारण १८७० मध्ये आपण जर्मनीकडून हरलो तेव्हा जर्मन पंडितांनी फ्रेंच हा कनिष्ठ वंश आहे हे शास्त्रीय रीतीने सिद्ध केलं होतं. आणि पुढे चक्क आपलं नाव घेतलंय त्याने, हिंदू कनिष्ठ? ज्यांची संस्कृती काळाच्या अंधारात हरवण्याइतकी जुनी, ज्यांच्याकडून बौद्ध धर्म चीनपर्यंत गेला, ते? मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा तारीख बघितली, १८८५, म्हणजे आपल्याकडे मुंबईला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन व्हायचं होतं अजून, ते डिसेंबरात झालं.

आणि मग हाच पंतप्रधान असताना १९०७ मध्ये फ्रेंच जहाजांनी मोरोक्कोतल्या कासाब्लांकावर तोफा डागल्या. त्याचं समर्थन मी करणार नाही.

अवांतर - हा भारतात येऊन गेलाय! १९२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी त्याचं नाव पुढे आलं, सगळ्यांना वाटलं युद्ध जिंकून देणारा माणूस, सहज होईल, पण खासदारांनी जुने हिशोब चुकते केले आणि देशानेल नावाच्या गुळगुळीत गृहस्थाला निवडलं. (हा देशानेल चार महिन्यांत रात्री धावत्या ट्रेनमधून पायजम्यात बाहेर पडला आणि अंधारात रेल्वे फाटकाच्या घरी जाऊन मी राष्ट्राध्यक्ष आहे म्हणाला, खोटं वाटेल पण खरं आहे.) क्लेमांसोने सगळं सोडलं आणि त्या हिवाळ्यात पूर्वेकडे निघाला. सिलोन, जावा, ब्रह्मदेश, कलकत्ता, काशी. काशी त्याला फार आवडली. आणि ग्वाल्हेरला शिंदे सरकारांकडे वाघाची शिकार. एकोणऐंशीचा हा म्हातारा मेलेल्या वाघांशेजारी उभा आहे असा फोटो आहे, युरोपातल्या वाघाने आमच्या मराठी संस्थानात येऊन वाघ मारले. बिकानेरलाही गेला होता कारण तिथल्या महाराजा गंगासिंगांशी ओळख वर्सायलाच झालेली, भारताच्या वतीने त्या तहावर त्यांची सही आहे.

---

चहाबाज

वाखूसा (वाचनखूण साठवली). ग्वाल्हेरचं माहीत नव्हतं, आजीचं माहेर तिकडचं, विचारायला आता ती नाही.

एक शंका, त्याला गोळी लागली होती ना? ती काढली की नाही? कुठेतरी वाचलं होतं की शेवटपर्यंत आतच होती.

---

डॉ_डोळस

आतच होती. १९ फेब्रुवारी १९१९, शांतता परिषद ऐन भरात, सकाळी घरातून गाडी निघाली आणि कोतँ नावाच्या तरुण अराजकवाद्याने मागून धाडधाड गोळ्या झाडल्या. एक खांद्यामागून शिरून छातीत फुप्फुसांच्या मधे जाऊन बसली. डॉक्टरांनी ठरवलं की हात लावायचा नाही. आजही बऱ्याचदा तेच ठरवतात, गोळी स्थिर असेल आणि काढण्यात धोका जास्त असेल तर राहू द्यायची, सिनेमात चिमट्याने काढून टणकन ताटलीत टाकतात तसं काही नसतं. ७७ वर्षांचा पेशंट, अँटिबायोटिक्स नावाची गोष्ट जगात नाही, आणि दहाएक दिवसांत हा परत परिषदेत. कोतँला फाशी सुनावली होती, ती याने कमी करायला लावली, दहा वर्षांची कैद झाली. वर म्हणाला, सातातली एकच गोळी लागली, आताच एवढं भयंकर युद्ध जिंकलेल्या देशात इतका वाईट नेमबाज, याला नेमबाजीच्या शिकवणीला पाठवा.

भटकी_वही, तुमच्या ओरांजरीबद्दल अजून एक. युद्ध थांबलं ११ नोव्हेंबर १९१८ ला. दुसऱ्याच दिवशी मोनेने क्लेमांसोला पत्र लिहिलं की दोन मोठी चित्रं पूर्ण होत आली आहेत, ती विजयाच्या तारखेची सही करून देशाला द्यायचीत, तुमच्यामार्फत. आठवडा उलटायच्या आत हा झिव्हेर्नीला त्याच्या घरी हजर! युद्ध संपलंय, अख्खा युरोप दाराशी उभा आहे आणि पंतप्रधान मित्राची चित्रं बघायला गावी गेलाय. दोनाची पुढे ही दोन दालनं झाली. मधे मोने कंटाळला, डोळे साथ देईनात, म्हणाला नाही देत, तर क्लेमांसोने असं सणसणीत पत्र लिहिलं की मैत्री तुटायची वेळ आली. डिसेंबर १९२६ मध्ये मोने गेला, तोपर्यंत एकही चित्र हातातून सोडलं नव्हतं त्याने, मे १९२७ मध्ये दालनं उघडली. अंत्ययात्रेला पेटीवर काळं कापड घातलेलं बघून हा पुढे झाला, मोनेसाठी काळं नाही म्हणाला आणि खिडकीचा फुलाफुलांचा पडदा ओढून काढून त्यावर घातला.

---

भटकी_वही

हे वाचून मी आत्ता परत ते फोटो उघडून बसलेय. नवरा म्हणतोय आता पुन्हा पॅरिस नको म्हणजे झालं.

डॉक्टर, एक शेवटचं विचारते. ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं म्हणालात. मग डाव्याचं कधी केलं?

---

डॉ_डोळस

नाहीच केलं. डावा त्याने कुणाला हात लावू दिला नाही. एका डोळ्याने निळं, एका डोळ्याने पिवळं, असाच रंगवत राहिला.